भिंतीकडे तोंड केलेला संत

फादरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे गुरांचा देव कोण?"

नाव नाही, गाव नाही, कधी आलात नाही. मी माझ्या नव्या वाफ्यात उकिडवी बसून मेथी पेरत होते आणि शेजारच्या वाफ्यात एक उंच, पाठीत वाकलेला गोरा म्हातारा उभा होता. पायात लाकडी बूट. अख्ख्या ओंडक्यातून कोरलेले, आत पेंढा भरलेला. मी त्या बुटांकडे बघत राहिले आणि म्हातारा उत्तराची वाट बघत राहिला. शेवटी मी म्हटलं, "असा एकच एक नाही. पण बैलांचा सण असतो आमच्याकडे." झालं. म्हातारा मधली दोरी ओलांडून सरळ माझ्या वाफ्यात आला, नुकत्याच पेरलेल्या मेथीवरून, आणि म्हणाला, "सांगा."

मग मी पोळा सांगितला. शिंगं रंगवणं, झूल, पुरणपोळी, सगळं. मेथी त्या वर्षी दोन ठिकाणी उगवलीच नाही, नेमकी बुटांच्या आकारात.

भूकंपानंतरचं ते वर्ष. नवऱ्याला जपानमध्ये त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं म्हणून पुण्यातली कॉलेजची नोकरी सोडून मी आणि सई त्याच्यामागे आलो होतो. सई बालवाडीत जायची, नवरा पहाटे सायकल काढायचा तो दिवेलागणीला परत, आणि मी दिवसभर घरात कचऱ्याचे प्रकार पाठ करत बसायची. जळणारा, न जळणारा, बाटल्या, जुने कपडे. गावाच्या कडेला भाड्यानं भाजीचे वाफे मिळतात असं कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. भूकंपात अणुभट्टी फुटली तेव्हापासून लोक मातीला घाबरत होते, निम्मे वाफे ओस होते. माती तपासलेली आहे, असं नगरपालिकेतल्या बाईंनी मला तीनतीनदा सांगितलं. मला कोथिंबीर हवी होती. मी सही केली.

वाफ्यांच्या मागेच फादरांचं चर्च होतं. लाकडी, छोटंसं, आपल्याकडच्या शाळेच्या हॉलएवढं. भूकंपात छपराची कौलं घसरली होती, वर निळी ताडपत्री बांधलेली, दारावर धोक्याचा लाल कागद. आत जायला बंदी. रविवारची प्रार्थना फादर त्यांच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत करायचे आणि ती ऐकायला येणाऱ्या दहा-बारा शेतकरी आज्या गुडघ्यांच्या नावानं उसासे टाकत उशांवर बसायच्या. हे चर्च दुरुस्त करायचं की पाडायचं, आणि पाडलं तर या म्हाताऱ्या फादरांचं काय करायचं, हे बिशपांच्या कचेरीत ठरायचं होतं. ते ठरत नव्हतं. जो तो ताडपत्रीकडे बघायचा आणि गप्प बसायचा.

फादर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते त्यांच्या गावाबद्दल बोलायचे.

गाव फ्रान्सच्या पार पश्चिमेला, समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतातलं. गाव एवढंसं आणि त्यात कॅथेड्रल एवढं थोरलं. बिशप केव्हाच तिथून दुसरीकडे गेले, पण कॅथेड्रल काही उचलून नेता येईना, ते राहिलं. बाजाराच्या दिवशी गाई त्याच्या दाराशी बांधायच्या. लाकडी बूट दगडी फरशीवर असे वाजायचे, की प्रवचन थांबवावं लागायचं. पाऊस इतका, की छत्री कुणी उघडायचंच नाही. हे सांगताना फादर स्वतः पावसात उभे असायचे, भुवयांवरून पाणी ठिबकत, आणि म्हणायचे, "हा पाऊस नाही हो. ही नुसती ओली हवा आहे." मी छत्रीत, ते ओल्या हवेत, असा आमचा पुष्कळ संवाद झालेला आहे. जपानी ते तिथल्या शेतकऱ्यांसारखं हेल काढून बोलायचे, माझ्याशी मोडक्या इंग्रजीत, आणि रागावले की त्यांच्या गावच्या ब्रेटन भाषेत. ती भाषा त्सुकुबात फक्त त्यांच्या शेळीला समजायची.

शेळीचं नाव मादाम. गवत कापायचं यंत्र परवडत नाही म्हणून शेळी पाळली, असं ते सांगायचे. खरं कारण, गाय ठेवायला परवानगी नव्हती.

मला मुळात नाही त्या गोष्टीत नाक खुपसायची सवय. पण इथे मला माझ्या वरताण माणूस भेटला होता. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला वेगळा संत होता, डोकेदुखीला एक, पायात पेटके येतात त्याला एक, चालायला उशीर करणाऱ्या पोरांना एक. आमच्याकडे कोण, असं ते एकेक दुखणं घेऊन विचारायचे. मुलं आणि गोवर म्हटल्यावर मी देवीचं सांगितलं, दातदुखीला काही आठवेना, तर म्हणाले, "दात दुखल्यावर तुम्ही लोक करता काय?" मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरकडे जातो." ते फार निराश झाले.

लोण्यावरून तर आमचं भांडणच झालं. ओळखीच्या गोठ्यातून साय आणून फादर बरणीत घुसळून लोणी काढायचे. एकदा त्यांनी मला वाटीभर दिलं. मी घरी जाऊन आधी चाखलं, थुंकलं, मग चार पाण्यांत धुतलं आणि कढवून तूप केलं. दुसऱ्या दिवशी कौतुकानं त्यांना दाखवायला नेलं.

"हे काय?"

"तूप. तुमचं लोणी कढवलं."

"तुम्ही लोणी जाळलंत?" फादरांचा चेहरा असा झाला, की कुणी गेल्याचं कळावं.

"आणि तुम्ही लोण्यात मीठ घालता, त्याचं काय? लोण्यात मीठ?"

"बिनमिठाचं लोणी पॅरिसचे लोक खातात," ते म्हणाले. यापेक्षा वाईट कुणाबद्दल बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. आठवडाभर आम्ही आपापल्या वाफ्यांत पाठी फिरवून खुरपलं. मग त्यांनीच कुट्टूच्या पिठाचे घावन करून आणले आणि खालमानेनं म्हणाले, की त्यावर ते जळकं लोणी घालून बघितलं, तितकंसं वाईट नाही.

श्रावण संपता संपता ते कॅलेंडर घेऊन हजर. पोळा कधी? मी पुण्याला सासूबाईंना फोन करून विचारलं. पोळ्याच्या दिवशी सईच्या रंगपेटीतल्या रंगांनी मादामची शिंगं रंगवली, एक लाल, एक हिरवं. जुन्या पडद्याची झूल केली. मी पुरण शिजवलं होतं, तिथल्या लाल चवळीचं, डाळ संपली म्हणून. आणि फादर लाकडी बूट खडखडवत पुढे, मागे मादाम, मागे सई, अशी ताडपत्रीवाल्या चर्चला प्रदक्षिणा निघाली. त्यांच्या गावात गाईघोडी अशीच कॅथेड्रलभोवती फिरवायचे म्हणे. प्रार्थनेच्या आज्या ओट्यावर ओळीनं बसून बघत होत्या. त्यांतल्या नेमोतो आजी, ऐंशीच्या पुढच्या आणि भाताच्या चार खाचरांच्या मालकीण, मला हळूच म्हणाल्या, "फादरना गावाची फार आठवण येते ना." मी जोरजोरात मान हलवली. आठवण येते म्हणजे काय, माणूस दुसरं बोलतो कुठे?

याच दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले आणि तो संत बघितला.

प्रार्थनेच्या टेबलामागे एक फळी होती आणि फळीवर हातभर उंचीची, काळपट लाकडाची एक मूर्ती, आमच्याकडे पाठ करून. भिंतीला नाक लागेल इतकी जवळ. मला वाटलं, पुसताना कुणीतरी उलटी ठेवली. मी हात पुढे केला, तोच फादर ओरडले, "राहू दे! शिक्षा झालीय त्याला."

तो त्यांच्या गावचा गुराढोरांचा संत. निघताना आईनं पेटीत घातलेला. त्यांच्याकडे शेतकरी संताला काही मागायचे आणि त्यानं दिलं नाही, गाय आजारीच राहिली, तर त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचे. काम झालं, की पुन्हा इकडे. पाद्री लोकांना हे मुळीच आवडत नसे. "आणि मी पाद्री आहे," फादर म्हणाले. "भूकंप झाला, छप्पर गेलं, त्या संध्याकाळी मी याला फिरवला."

मी खूश झाले. म्हटलं, आमच्याकडेही धरतात देवाला वेठीला. एखादी गोष्ट व्हायलाच हवी असली, की देव पाण्यात घालून ठेवतात. काम होईपर्यंत बाहेर काढत नाहीत. फादर एकदम सरसावून बसले. त्यांच्या गावीही पावसासाठी संताला झऱ्यात बुडवायचे. मग चौकशी सुरू. भांडं कसलं? गळ्यापर्यंत की अख्खा? पाणी गार की कोमट? मी म्हटलं, कोमट करायला ती शिक्षा आहे की आंघोळ? ते यावर खूप वेळ विचार करत राहिले.

"पण तुम्ही त्याच्याकडे मागितलंय काय?" मी विचारलं.

"सांगितलं तर तो घासाघीस करतो," ते म्हणाले आणि विषय बदलला.

मला मेलीला झोप येईना. नवरा म्हणाला, "अगं, त्यात कोडं काय? माणूस उठताबसता गावाचं नाव घेतो. घरी जायचं असणार." मी म्हटलं, नाही, चर्च दुरुस्त व्हावं म्हणून असेल. पैज लागली, हरणाऱ्यानं महिनाभर कचरा वेगळा करायचा.

भातकापणी झाली आणि कचेरीतून एक तरुण पाद्री निरोप घेऊन आला. चर्च पाडायचं. फादरांनी आता विश्रांती घ्यायची. त्यांच्या गावी, अगदी कॅथेड्रलच्या पायथ्याशी, म्हाताऱ्या पाद्र्यांसाठी घर आहे, तिथे खोली मिळाली होती. खिडकीतून मनोरा दिसतो म्हणे. नाताळाच्या आधी निघायचं.

मी वाफ्यात धावतच गेले. फादर मादामचा खुंटा उपटून दुसरीकडे ठोकत होते. मी म्हटलं, "अभिनंदन. ऐकलं बरं का तुमच्या संतानं. आता फिरवा त्याला."

त्यांनी खुंटा ठोकून पूर्ण केला. मग बांधावर बसले, एक लाकडी बूट काढला, त्यातला पेंढा काढून झटकला, परत भरला. आणि मग म्हणाले, की तिथे आता त्यांना ओळखणारं कुणी नाही. भाऊ गेला, त्याची मुलं शहरात. गोठ्यांची सुट्टीत राहायची घरं झाली, गाईंच्या जागी सोफे. ज्या भाषेत ते शेळीला शिव्या देतात, ती गावात बोलणारी माणसं कॅथेड्रलच्या मागे पुरलेली आहेत. "गाव सांगायला छान आहे," ते म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. मी गाव सांगत गेलो, म्हणून ओळखायला लागले. तिथे जाऊन मी कुणाला काय सांगू? नेमोतो-सानचं खाचर सांगू? कोण ऐकेल?"

"मग तुम्ही मागितलंय काय?"

"इथे राहायचं. आणि इथल्या मातीत जायचं. या बायकांच्या शेजारी."

"मग कचेरीत तसं सांगा ना."

"शिस्त असते," ते म्हणाले. "आणि इथे कुणी थांबा म्हणालं नाही. एकही जण. म्हातारा पाद्री म्हणजे ओझं. त्यांनाही सुटल्यासारखं वाटत असेल." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओल्या हवेचं नव्हे, त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

घरी आले आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलून स्टीलच्या डब्यात, गार पाण्यात बुडवला. देवावर माझी भक्ती बेताचीच, पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. सई बालवाडीतून आली, डब्यात डोकावली आणि जपानीत म्हणाली, "कृष्ण ओफुरोत बसलाय?" ओफुरो म्हणजे तिथला आंघोळीचा टब. हो म्हटलं, बसलाय. काम करेपर्यंत बाहेर यायचं नाही.

निरोपाचं जेवण त्यांच्याच घरी ठरलं. आज्या सकाळपासून जमल्या होत्या, मी बटाटेवडे तळायला गेले होते. नेमोतो आजी माझ्या शेजारी मुळा चिरत होत्या, पत्र्यासारखे पातळ काप. इतकी वर्षं सांभाळलेलं चर्च पाडणार म्हणून वाईट वाटत असेल, असं मी माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं. त्या हसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्हीच गेलो होतो कचेरीत."

मला वाटलं, मला भाषा कळली नाही. मी परत विचारलं.

त्या सगळ्या बसनं बिशपांना भेटायला गेल्या होत्या. चर्च पाडलं तरी चालेल, पण फादरना घरी पाठवा, असं सांगायला. "इतकी वर्षं ते गावाबद्दल बोलतात," आजी म्हणाल्या. "तिथला पाऊस, तिथल्या गाई. आम्ही आमच्या सोयीसाठी त्यांना अडकवून ठेवलं. हा आमचा स्वार्थ झाला. थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते, म्हणून कुणी म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलं." आणि त्यांनी पदर असता तर डोळ्यांना लावला असता, तसा ॲप्रनचा कोपरा लावला.

कढईत वडे करपायला लागले. मी गॅस बंद केला. आता ही माणसं इतकी सभ्य, की एकमेकांच्या भल्यासाठी एकमेकांना मुकायला निघालेली. मी पडले पुण्याची. मला इतकं सभ्य राहता येत नाही. व्याकरण गेलं खड्ड्यात, मी म्हटलं, "आजी, फादरना जायचं नाही. बिलकुल जायचं नाही. इथे मरायचंय. तुमच्या शेजारी."

सुरी थांबली. आजींनी माझ्याकडे बघितलं, मग हात धुतले, पुसले, ॲप्रन सोडून घडी करून ठेवला आणि शेजारच्या खोलीत गेल्या. फादर खोकी बांधत होते. आजी त्यांच्यासमोर गुडघे मोडून बसल्या, ज्या गुडघ्यांवर त्यांना बसवत नसे, आणि म्हणाल्या, "फादर, तुम्हाला गावाला जायचंय का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. फादरांनी हातातली दोरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, चिडून. मग आजींकडे. मग म्हणाले, "नाही."

"का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही थांबवलंत?"

स्वयंपाकघरातून बाकीच्या आज्या दारात गोळा झाल्या होत्या. त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, "मग इतका मुळा चिरलाय त्याचं काय करायचं?" आणि सगळ्या हसायला लागल्या, रडायलाही लागल्या, आणि फादर ब्रेटनमध्ये काहीतरी म्हणाले, ते बाहेर मादामला समजलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पुन्हा बसनं कचेरीत गेल्या. तिथे काय झालं ते मला नीटसं कळलं नाही, पण त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत एवढं खरं. चर्च पाडलंच. फादरांना निवृत्त करून राहायला परवानगी मिळाली, नेमोतो आजींच्या शेतातल्या जुन्या तंबाखू सुकवायच्या कोठारात. मी बाळकृष्णाला बाहेर काढलं, पुसलं, तूपसाखर दिली. पैज कोण हरलं ते ठरेना, म्हणून कचरा दोघांनी मिळून केला.

कोठारात भेटायला गेले तर फळीवर संत तसाच, भिंतीकडे तोंड.

"आता काय राहिलं?" मी विचारलं. "राहायला मिळालं ना?"

"मागणं अर्धंच झालंय," फादर म्हणाले. "पुरं होईपर्यंत फिरवायचा नाही. हे संत लोक अर्धं काम करून बसतात."

पुढे आम्ही पुण्याला परत यायला निघालो. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी संत एका टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होते. ते वैतागून म्हणाले, की नेमोतो-सान रोज झाडायला येतात आणि याचं तोंड इकडे फिरवून जातात, लोकांकडे पाठ करून उभं राहणं बरं दिसत नाही म्हणतात. सांगून थकलो. "तुमच्या लोकांना देवाला शिक्षा करता येते. तुमच्याकडे नीट राहील." आणि टॉवेलाची गाठ मारून म्हणाले, "काम झालं, की फिरवा. नेमोतो-सान तुम्हाला कळवतील."

तेव्हापासून तो आमच्या देव्हाऱ्यात होता, सगळ्यांत मागे, भिंतीकडे तोंड करून. सासूबाईंना आधी ते अशुभ वाटलं, मग त्यांनी हकीकत ऐकली आणि रोज त्याच्या पाठीला गंध लावायला लागल्या. येणारे-जाणारे विचारायचे. मी सांगत बसायची. पाऊस, गाई, थोरलं कॅथेड्रल, लाकडी बूट. सई म्हणते, आई, तू अगदी फादरांसारखी बोलायला लागलीयेस.

गेल्या महिन्यात फोन आला. नेमोतो आजींच्या सुनेचा, पण बोलल्या आजीच. आवाज बारीक झाला होता. फादर झोपेतच गेले. "अस्थी खाचराच्या कडेच्या आमच्या थडग्यात ठेवल्या, आमच्या माणसांत, माझ्या नवऱ्याच्या शेजारी," असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझी जागा पलीकडे आहे. म्हणजे त्यांना बोलायला कुणीतरी."

फोन ठेवला आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन. मग हात धुऊन देव्हाऱ्यापाशी बसले आणि त्याला फिरवला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. नाक झिजलेलं, एक डोळा किड्यानं खाल्लेला, बाकी साधा, शेतकऱ्यासारखा. फ्रिजमधून लोणी काढलं, वाटीत घेतलं, त्यात चिमूटभर मीठ घातलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.